आदित्यराणूबाईची कहाणी

श्रावणातील रविवारी सांगितली जाणारी मराठी व्रतकथा. स्त्रियांच्या मौखिक परंपरेने जपलेल्या या कथेला मुद्रित कहाणीसंग्रहांमुळे स्थिर रूप आले. वनातील नागकन्या व देवकन्या यांच्याकडून एक गरीब ब्राह्मण सूर्याचा वसा घेतो व संपन्न होतो. त्याची एक मुलगी राजाला, दुसरी प्रधानाला दिलेली असते. पिता कहाणी सांगावयास येतो, तेव्हा राणी घाईमुळे ती ऐकत नाही व दरिद्री होते. प्रधानपत्नी ऐकते व सुखी राहते. ती राणीच्या मुलांजवळ कोहळ्यात, काठीत लपवून धन देते. परंतु सूर्यनारायण वेषांतर करून ते हिरावून घेतो. अखेर राणी स्वतः बहिणीकडे येऊन कहाणी ऐकते, तेव्हा तिचे वैभव परतते. परतीच्या वाटेवर तीच मोळीविक्या, माळी इ. दुःखितांना कहाणी सांगते व त्यांची संकटे निवारली जातात. बहिणीचे धन निष्फळ ठरते, श्रवण मात्र तारते. ऐकणारीच पुढे सांगणारी होते, हे या कथेचे मर्म होय.

सी. ए. किंकेड यांनी डेक्कन नर्सरी टेल्स (१९१४) या इंग्रजी संग्रहात ती समाविष्ट केली. त्यातील चित्रे म. वि. धुरंधर यांची आहेत. त्यामुळे व्रताच्या दिवसाशी निगडित असलेली ही कथा मराठीबाहेरील बालवाचकांपर्यंत परीकथेच्या रूपाने पोहोचली.