अजिंठ्याच्या भिंतीसमोरचा वर्ग

कलाविद्यार्थ्यांना संशोधन ग्रंथालयात बसवून शिकवावे की हाताने काही करवून, हा वाद आपल्याकडे नवा मानला जातो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या इतिहासात मात्र त्याचे एक जुने उत्तर सापडते. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ज्या प्रतिकृती केल्या, त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ते काम पुन्हा करण्यासाठी जॉन ग्रिफिथ्स १८७२ साली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत गेले. १८८५ पर्यंत, मधला खंड वगळता, हिवाळ्यात हे काम चालले. सुमारे ३०० चित्रे झाली.

नक्कल म्हणजे बुद्धीला सुट्टी, असा आपला समज असतो. ज्याने एखाद्या पोथीची प्रत स्वतः उतरवली आहे, त्याचा तो टिकत नाही. वाचताना ज्यावरून नजर घसरते ते अक्षर लिहिताना अडवते. आणि अडल्यावरच पाठभेद दिसतो. भिंतीसमोरही तेच. गिलावा जेथे गळला आहे तेथे हाताची ठेवण कशी असेल, हे ठरवल्यावाचून कुंचला पुढे सरकत नाही. न दिसणारे रंगवायचे की रिकामे सोडायचे, हा तर निव्वळ संशोधनाचाच प्रश्न. त्यातून मूळ रंग कोरड्या गिलाव्यावरचे आणि प्रती कॅनव्हासवर तैलरंगात. म्हणजे एका परीने हे भाषांतरच. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या विद्यार्थ्यांनी ते केले. १८९६-९७ साली निघालेल्या दोन खंडांचे लेखक म्हणून आपण ओळखतो ते ग्रिफिथ्स यांना. भाषांतरकारांची ही गत आपल्याला अपरिचित नाही.

या वर्गाची किंमत मात्र भिंतींनी मोजली. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर वॉर्निश लावले गेले. काळाबरोबर ते पिवळे पडले, आणि १९२० नंतर निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ आणले तेव्हा त्यांना या थराशीही झुंजावे लागले. साधन वाचण्याच्या ओढीत साधनच बिघडवणे हा दोष केवळ चित्रकारांचा म्हणता येणार नाही. दुर्मीळ पोथ्यांच्या समासांत शाईने खुणा करणारे अभ्यासक आपण पाहिले आहेत.

१८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आग लागून यांतीलही शंभराहून अधिक चित्रे खराब झाली वा नष्ट झाली. उरलेली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. भिंतीवरचा जो भाग पुढे झडून गेला, त्याच्यासाठी आता या प्रतीच पाहाव्या लागतात.