शेंदराची खोळ

नांदेड-लातूरकडच्या बहुतेक गावांत वेशीवरचा मारुती शेंदराने माखलेला असतो. शेंदूर हे शिशाचे संयुग असून तो तेलात कालवून लावतात. जुना थर न काढता त्यावरच नवा चढत जातो. पिढ्यान्‌पिढ्या असे होत राहिले की नाक, डोळे, गदा सारे बुजते आणि मूर्तीचा गोल तांदळा होतो. माहूरच्या रेणुकेचे रूपही असेच शेंदूरचर्चित मुखाचे आहे.

ही जाड पुटे कधी ना कधी तडकतात. मूळ दगडाला चिकटलेली बाजू सुटते आणि अख्खे कवच निखळते. याला ‘देवाने खोळ टाकली’ म्हणतात. खोळ विधिपूर्वक पाण्यात विसर्जित करतात. मोरगावच्या मयूरेश्वराचे कवच 1788 आणि 1882 मध्ये निखळल्याच्या नोंदी आहेत.

मुद्दाम थर उतरवण्याचे अलीकडचे मोठे काम वणीच्या सप्तशृंगगडावर झाले. 2022 मध्ये मंदिर काही आठवडे बंद ठेवून सुमारे 1800 किलो शेंदूर काढण्यात आला. खालून अठरा हातांच्या देवीचे कोरीव रूप समोर आले. असे काम सावकाशच करावे लागते, कारण घाईने मारलेला एक घाव शतकांपूर्वीचे कोरीवकाम कायमचे घालवतो. गावच्या मारुतीवर म्हणूनच कोणी हौसेने छिन्नी चालवू नये. आधी पुरातत्त्व विभागाला विचारावे.