शब्दकोडे आणि इन्क्विझिशन

आर्थर विनने १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये रचलेले शब्दकोडे निव्वळ करमणूक होते. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६पासून एडवर्ड पॉविस मॅथर्सने त्याची परीक्षा केली. ग्रीक पुराणकथा, बायबल, शेक्सपिअर ज्याला मुखोद्गत नाही, तो वाचक तेथे अडखळे. मॅथर्सचे टोपणनाव ‘तोर्केमादा’, म्हणजे स्पॅनिश इन्क्विझिशनचा प्रमुख. या विनोदात अभिजन वाचकवर्गाची सीमारेषा दिसते. (बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे १९१९ मधील इंग्रजी रूपांतर याच मॅथर्सचे, पण कोड्यातील संकेतव्यूह मुख्यतः युरोपीयच राहिला.) १९३९मध्ये त्याच्या जागी आलेला मॅकनट अभिजात भाषांचा शिक्षक. त्यानेही ‘झिमेनीझ’ हे इन्क्विझिटरचेच नाव घेतले. मात्र सूचक वाक्य वाचकाशी प्रामाणिक असावे, असे नियम बांधले. अधिकार बहुश्रुततेकडून व्याकरणाकडे सरकला. न्यायासन तेवढे कायम राहिले.