निर्दोष सुटकेवर सरकारचे अपील : एका अधिकाराची कुळकथा

जळगाव किंवा धुळ्याच्या न्यायालयात आरोपी निर्दोष सुटला, तर खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाला स्वतःच्या मनाने अपील करता येत नाही. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्याने आरोपीला सोडले, तर सत्र न्यायालयात जाण्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्याचा, म्हणजे कलेक्टरचा आदेश लागतो. सत्र न्यायालयाने सोडले, तर निर्णय राज्य सरकारचा, आणि अपील उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ४१९ मध्ये ही व्यवस्था आहे. जिल्ह्याच्या महसुलाचा प्रमुख असलेल्या अधिकाऱ्याची सही फौजदारी अपिलाला का लागावी, या प्रश्नावरून या अधिकाराच्या कुळाचा शोध सुरू होतो.

हा अधिकार इतर कायद्यांप्रमाणे इंग्लंडहून आला, ही समजूत टिकत नाही. ज्यूरीने सोडलेल्या माणसाला त्याच आरोपासाठी पुन्हा उभे करायचे नाही, हा तिथला जुना दंडक. तिथे गंभीर गुन्ह्यांत नव्या सबळ पुराव्यावर फेरखटला चालवण्याची वाट २००३ च्या कायद्याने उघडली. हिंदुस्थानच्या १८६१ च्या पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेही सुटकेवरच्या अपिलाला मनाईच केली होती. १८७२ च्या संहितेने कलम २७२ घालून ती उठवली. सरकारने सांगावे आणि सरकारी वकिलाने अपील करावे, ही रचना तेव्हाची. १८९८ च्या संहितेत हे कलम ४१७ होते, १९७३ च्या संहितेत ३७८.

१८७२ ची संहिता घडली ती कायदा सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या कारकिर्दीत. म्हणून श्रेय त्यांच्या उपयुक्ततावादी विचारसरणीला द्यावे, असा एक पक्ष आहे. तो अर्धाच खरा. स्टीफन यांच्या हाताशी कंपनी सरकारच्या अदालतींची मुरलेली सवय होती. बंगालमध्ये १७९३ च्या नियमांनुसार काझी-मुफ्तींचा फतवा पटला नाही, तर दौऱ्यावरचा न्यायाधीश प्रकरण वरिष्ठ फौजदारी न्यायालयाकडे, म्हणजे निजामत अदालतीकडे पाठवी. आरोपीला सोडा, असे फतवा म्हणत असला तरी प्रकरण वर जाई. खानदेशात १८१८ नंतर पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या हाती वसुली, बंदोबस्त आणि फौजदारी न्याय एकत्र आले. देहान्ताची शिक्षा मात्र पुण्याच्या कमिशनरकडे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याकडे मंजुरीला जाई. खालचा निकाल शेवटचा नाही आणि वर पाठवायचा की नाही हे अंमलदार ठरवणार, ही घडी तेव्हा बसली. सरकारच्या अपिलाची रचना तिच्याच वंशातली म्हणावी लागते; कलेक्टरची सही मात्र २००५ च्या दुरुस्तीने आली.

या मताला बळ देणारे एक भावंड १८७२ च्याच संहितेत सापडते. ज्यूरीचा निर्णय सत्र न्यायाधीशाला पटला नाही, तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवण्याची सोय तिच्यात होती. नानावटी खटला मुंबई उच्च न्यायालयात गेला तो याच वाटेने. १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी कमांडर कावस नानावटी यांना खुनाच्या आरोपात निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी तो निर्णय न मानता १८९८ च्या संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण वर पाठवले. सरकारने अपील केले, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्यूरी गेली, तसे हे भावंडही गेले. अपील उरले.

या कुळकथेत १८६१ ते १८७२ अशी अकरा वर्षांची फट राहते. पण त्या काळातही खालच्या न्यायालयाचे कागद मागवून तपासण्याचा वरिष्ठ न्यायालयाचा अधिकार शाबूत होता; धागा तिथून पुढे आला असणार. दुसरा आक्षेप जड आहे : जुन्या पद्धतीत प्रकरण न्यायाधीश पाठवी, अपील मात्र सरकार करते. खानदेशापुरते त्याचे उत्तर सोपे आहे. ब्रिग्ज यांच्या काळी न्यायाधीश आणि सरकार हे दोन वेगळे इसम नव्हतेच.

असे अपील आले, की पुरावा पुन्हा पूर्ण तपासता येतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९३४ मध्ये शिवस्वरूप खटल्यात ठरवले. मात्र सुटकेमुळे आरोपीच्या निर्दोषपणाचे गृहीतक दुप्पट बळकट होते, असे सर्वोच्च न्यायालयाने चंद्रप्पा खटल्यात २००७ मध्ये सांगितले. यातला ताण महाराष्ट्राने विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यातील अत्याचाराच्या खटल्यात पाहिला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोन आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. त्यावर उठलेल्या संतापातून १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

सरकारची ही मक्तेदारी हळूहळू सैल झाली. खासगी फिर्यादीला १९५५ मध्ये उच्च न्यायालयाच्या विशेष परवानगीने अपिलाची मुभा मिळाली. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला स्वतःचा हक्क आला. त्याला अशी परवानगी लागत नाही, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. धनादेश न वटल्याची फिर्याद करणाराही पीडितच, असे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले. म्हणजे रावेरच्या केळी व्यापाऱ्याच्या अशा फिर्यादीत आरोपी निर्दोष सुटला, तर आता त्याला औरंगाबाद गाठावे लागत नाही; जळगाव जिल्ह्यातल्याच सत्र न्यायालयात अपील करता येते. राज्य सरकारला मात्र उच्च न्यायालयात जायचे तर ९० दिवसांची मुदत पाळावी लागते आणि त्या न्यायालयाची परवानगीही घ्यावी लागते.