दोष मांडणीत नाही, मापात आहे

पियानोच्या पट्ट्यांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. सप्तकातले बाराही स्वर सारख्याच अंतरावर, मग सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशी वेडीवाकडी वाटणी कशासाठी? आधी सात स्वर आले, उरलेले पाच मागाहून मध्ये खोचले गेले आणि ती अडगळ निव्वळ सवयीने टिकली, असे आक्षेपकांचे म्हणणे. साक्षीला हंगेरीचा यांको हजर असतोच. त्याने १८८२ साली पट्ट्या सहा रांगांत मांडल्या. त्यावर कुठलाही मेजर स्केल बोटांच्या एकाच क्रमाने वाजतो, सप्तकही आखूड होते. तरी तो मागे पडला. म्हणजे रूढीने शहाणपणाला हरवले!

पूर्वपक्षातला इतिहास बराचसा खरा आहे, निष्कर्ष मात्र लंगडा. रूढी इतकी चिवट असती, तर पट्ट्या कधी बदलल्याच नसत्या. एके काळी इटलीत काळ्या पट्टीचे दोन तुकडे करत, कारण स्वर जुळवण्याच्या तेव्हाच्या पद्धतीत जी शार्प आणि ए फ्लॅट वेगळे पडत. तिथल्याच विचेंतीनो या संगीतकाराच्या सोळाव्या शतकातल्या वाद्यात तर सप्तकाला ३६ पट्ट्या होत्या. बारा स्वरांत भागू लागले, तसे हे प्रकार मागे पडले. पियानोचा जनक क्रिस्तोफोरी याच्या १७२० च्या पियानोत ५४ पट्ट्या, मोझार्टच्या पियानोत ६१, आज सर्रास ८८, बोझेनडॉर्फर कंपनीच्या इम्पीरियल पियानोत ९७. पूर्वी कित्येक वाद्यांवर रंगही उलटे असत. या सगळ्या उलथापालथीत काळ्यांचे दोन-तीनचे पुंजके तेवढे हलले नाहीत.

का, ते शोपँला विचारावे. नवख्या शिष्याची बोटे तो सी मेजरवर नव्हे, तर ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी यांवर ठेवायला लावी. मधली लांब बोटे उंच काळ्यांवर, आखूड अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर. पंजा आपसूक बसतो. ज्या खाचखळग्यांना आक्षेपक दोष म्हणतात, त्यांच्याच आधारे वादक न पाहता जागा ओळखतो. आपल्याकडे गायक पेटीवाल्याला ‘काळी चार’ सांगतो, तेही याच पुंजक्यांच्या भरवशावर. यांकोच्या मांडणीत शेजारच्या पट्ट्या बोटाला सारख्याच लागतात. शिवाय एकाच दांडीवर तीन ठिकाणी बोट पडत असल्याने मागच्या रांगेत दाब जड होतो. तो हरला, त्यात नवल काय?

रूढीवर खटला भरायचाच, तर रुंदीसाठी भरा. आजच्या पियानोवर सप्तक सुमारे १६५ मिलिमीटरचे. मोझार्टच्या काळच्या व्हिएन्नातल्या पियानोंवर ते १६० च्या आसपास होते. एकोणिसाव्या शतकाअखेर हे रुंद माप पक्के झाले आणि लहान पंजांची पंचाईत झाली. योसेफ हॉफमनसारख्या दिग्गज पियानोवादकासाठी स्टाइनवे कंपनीने अरुंद पट्ट्या करून दिल्या; इतरांनी हात ताणत बसायचे. अलीकडे अमेरिकेत स्टाइनब्यूलरने साडेपाच आणि सहा इंची सप्तकांचे संच बनवले. ते ग्रँड पियानोत बसवता येतात, तारा आणि पेटी तीच राहते. त्यांतही काळ्यांचे पुंजके दोन-तीनचेच आहेत.