नीळकंठशास्त्री गोरे आणि मनाची शांति

इरई आणि झरपट या नद्यांच्या कांठीं गोंड राजांनीं बांधलेला चांद्याचा कोट अद्याप उभा आहे. कोटाच्या पूर्वेस वैनगंगा, आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोलीचीं घनदाट रानें. १९८२ सालीं गडचिरोलीचा निराळा जिल्हा झाला. तोंपर्यंत हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यांतच मोडत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चनें या आडवळणाच्या जिल्ह्यांत आपलें मिशन स्थापिलें. १८७० नंतरच्या दशकांत त्या मिशनमध्यें कांहीं काळ एक महाराष्ट्रीय धर्मोपदेशक काम करीत होते. त्यांचें नांव रेव्हरंड नेहेम्या गोरे. पूर्वाश्रमींचे पंडित नीळकंठशास्त्री गोरे.

अरण्यांत जावें म्हणजे शांति मिळते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. शास्त्रीबोवांचें चरित्र मात्र वेगळी साक्ष देतें. त्यांना अरण्य लाभलें, विद्या लाभली, धर्म लाभला. आणि तरीहि ज्याला लोक सामान्यतः मनाची शांति म्हणतात ती त्यांना अखेरपर्यंत पुरतेपणीं लाभली नाहीं. मग त्यांची श्रद्धा फसली असें म्हणावयाचें काय? या प्रश्नाचें उत्तर ख्रिस्ती धर्म ‘शांति’ कशाला म्हणतो यावर अवलंबून आहे.

शास्त्रीबोवांचा जन्म १८२५ सालीं झांशीजवळच्या काशीपुरा या गांवीं एका चित्पावन कुटुंबांत झाला. ते वाढले काशीस. तेथें त्यांनीं व्याकरण आणि न्याय या शास्त्रांचें अध्ययन केलें. पाद्र्यांचें खंडन करावें या ईर्ष्येनें त्यांनीं प्रथम ख्रिस्ती ग्रंथ हातीं घेतले, आणि हिंदुधर्माच्या समर्थनार्थ ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. परंतु ज्या तर्कानें परमत खोडावयाचें, तोच तर्क त्यांनीं स्वमतासहि लावला. १८४८ सालीं जौनपुरास त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. घर तुटलें, गणगोत अंतरलें. पत्नी लवकरच निवर्तली. १८५३ सालीं जन्मलेली एकुलती कन्या एलन लक्ष्मी परक्यांच्या घरीं वाढली आणि पुढें विलायतेस गेली. एवढें सोसल्यावर तरी मन निवांत व्हावें. पण नैयायिकाची बुद्धि बाप्तिस्म्याच्या पाण्यानें विझली नाहीं. १८६० सालीं ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाहि दर्शनांची चिकित्सा करणारा हा पंडित स्वतःच्या नव्या श्रद्धेविषयींहि शंका घेतच राहिला. काउली येथील संन्यस्त पाद्र्यांच्या संघांत ते उमेदवार म्हणून दाखल झाले, परंतु अखेरचें व्रत त्यांनीं कधींच घेतलें नाहीं.

आतां ‘शांति’ या शब्दाकडे वळूं. जुन्या करारांतील इब्री शब्द ‘शालोम’. त्याचा मूळ अर्थ नुसता निवांतपणा नव्हे. जें भंगलें तें पुन्हां अभंग होणें, उणें असेल तें भरून येणें, हा त्याचा गाभा आहे. ऋण फेडणें या अर्थाचें क्रियापदहि त्याच धातूपासून निघालें आहे. नव्या करारांत पौलाच्या लेखनांत हाच अर्थ पुढें नेलेला दिसतो. मनुष्य आणि देव यांच्यामधील वैर मिटणें ही पहिली शांति. मनाला जो विसांवा मिळतो तो तिच्या मागून येणारा. शिवाय हा समेट देवानें घडवून आणिलेला आहे, मनुष्यानें साधनेच्या बळावर जिंकलेला नव्हे.

येशूनें शिष्यांस आपली शांति देऊं केली ती कोणत्या वेळीं, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ती क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्रीं. त्याच रात्रीं गेथशेमानेच्या बागेंत तो स्वतः व्याकुळ होऊन प्रार्थना करीत होता. ज्याचें हृदय असें पिळवटून निघत आहे, तोच शांति वाटीत आहे! तेव्हां ख्रिस्ती अर्थानें शांति म्हणजे तळमळीचा अभाव नव्हे. तळमळ ज्याच्यापुढें उघडी करावयाची, त्याच्याशीं नातें न तुटणें होय. ताप आलेलें मूल रात्रभर कण्हतें, पण आईच्या मांडीवरून उतरत नाहीं. त्याला आराम नाहीं, परंतु आसरा आहे.

याच अर्थाचा पडताळा दुसऱ्या एका महाराष्ट्रीय चरित्रांत मिळतो. पंडिता रमाबाई विलायतेंत असतांना त्यांचें मन वळविण्यास शास्त्रीबोवांचेंच लेखन कारण झालें. १८८३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनांत त्या प्रांजळपणें सांगतात कीं, त्यानंतर कित्येक वर्षें आपणांस धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो १८९१ च्या सुमारास मिळाला, आणि अंतरींची ती भूक भागली. मग बाई स्वस्थ बसल्या काय? १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत हिंडल्या, आणि उपासमारीनें खंगलेल्या सुमारें तीनशें मुली व स्त्रियांना त्यांनीं आपल्या आश्रयास आणिलें. चांदा जिल्हा त्याच मध्यप्रांतांतला. ज्यांचें स्वतःचें भांडण मिटलें, त्यांनाच परक्याचें दुःख उचलण्यास हात मोकळे होतात.

शास्त्रीबोवांस रमाबाईंसारखा निश्चिंतपणा मिळाला नाहीं. परंतु शंकांनीं घेरलें असतांहि त्यांनीं ना प्रार्थना सोडिली, ना गरिबीचें व्रतस्थ जीवन. २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं ते मुंबईस वारले, ते उपासकच म्हणून.

त्यांच्या कन्येनें मात्र एक इंग्रजी भजन रचिलें. १८८३ सालीं तें विलायतेंत प्रसिद्ध झालें. विषय होता देवाच्या सन्निध मिळणारा एकांत निवारा. जी मुलगी आईबापांच्या मायेवांचून परक्या घरीं वाढली, तिनें निवाऱ्याचें गीत गावें. आणि ज्यानें तो निवारा शोधण्यांत सारें आयुष्य वेंचलें, त्या पित्याला तो दुरूनच दिसावा! तथापि शोधणारा त्या दारावरून हटला नाहीं. ख्रिस्ती श्रद्धेच्या मापानें पाहतां दाराशीं असें तिष्ठत राहणें हीहि शांतीचीच एक रीत आहे, आणि ती कांहीं कमी प्रतीची नव्हे.