निद्राश्वसनरोध

झोपेत श्वसन वारंवार थांबण्याचा किंवा मंदावण्याचा विकार. प्रौढ व्यक्तीचा श्वास निदान १० सेकंद थांबल्यास त्यास रोध म्हणतात. रोध व मंद श्वसन मिळून तासाला ५ खंड पडल्यास विकार सौम्य, १५ पडल्यास मध्यम व ३० वा अधिक पडल्यास तीव्र मानतात. त्याचा अवरोधी प्रकार सर्वाधिक आढळतो. त्यात ग्रसनीचे स्नायू शिथिल होऊन जिभेमागील हवामार्ग मिटतो. छातीची धडपड मात्र चालूच असते.

इतिहास : घोरणारा, बसल्याजागी झोपणारा लठ्ठ मनुष्य दीर्घकाळ थट्टेचाच विषय होता. चार्ल्‌स डिकिन्झ यांच्या पिक्‌विक पेपर्स (१८३६–३७) या कादंबरीतील ज्यो हा मुलगा तसाच आहे. १९५६ मध्ये बर्वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्ते खेळताना, हाती उत्तम पाने असतानाच झोपी गेलेल्या रुग्णाचे वर्णन करून या स्थितीस पिक्‌विकचे नाव दिले. मात्र ग्लानीचे कारण त्यांनी रक्तात साचणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडात शोधले. १९६५ मध्ये फ्रान्समध्ये गास्तो व जर्मनीत युंग आणि कूलो यांनी अशा रुग्णांच्या झोपेचे आलेख घेतले, तेव्हा श्वास रात्रभर पुनःपुन्हा तुटत असल्याचे दिसले. पुढे गिलमिनो यांनी लठ्ठ नसलेल्यांतही हा विकार होतो, हे दाखविले.

दुष्परिणाम : प्रत्येक रोधात रक्तातील ऑक्सिजन घटतो, अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होऊन रक्तदाब चढतो आणि झोप क्षणभर मोडते. रुग्णास याची बहुधा जाणीव नसते. सकाळची डोकेदुखी, दिवसा पेंग, विस्मरण व वाहन-अपघात ही त्याची फळे होत. अतिरक्तदाब, हृदयाची अनियमित स्पंदने, पक्षाघात व मधुमेह यांच्याशीही त्याचा संबंध आढळतो. लठ्ठपणा हे समाईक कारण असले, तरी अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील पाहणीत (२०००) वजनाचा हिशेब वजा केल्यावरही अतिरक्तदाबाशी असलेला संबंध टिकून राहिला.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी केली (२००४). तीत १९.५ टक्के पुरुषांत निद्राकालीन श्वसनदोष, तर ७.५ टक्क्यांत दिवसा पेंग येण्यासह पूर्ण विकार असल्याचे अनुमान निघाले. पिंपरी-चिंचवड, चाकण व माण-हिंजवडी या परिसरांत पाळ्यांची कामे मोठ्या प्रमाणावर चालतात. तेथे पेंगणाऱ्या कामगाराचा वा चालकाचा दोष सहज रात्रपाळीवर किंवा आळसावर टाकला जातो आणि आजार निदानावाचून राहू शकतो. म्हणून घोरताना श्वास अडतो का, हे घरच्या माणसांना विचारणे महत्त्वाचे ठरते.

उपचार : पूर्वी श्वासनालास छेद देणे हाच खात्रीचा उपाय होता. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत दाबयुक्त हवा देऊन मार्ग उघडा ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिने पेंग कमी होते व रक्तदाब काहीसा उतरतो. तथापि आधीच हृद्‌रोग वा मेंदूचा रक्तवाहिनीविकार असलेल्यांत पुढील झटके टळल्याचे २०१६ मधील मोठ्या चाचणीत दिसले नाही. त्या रुग्णांनी मुखवटा रात्री सरासरी साडेतीन तासांहून कमीच वापरला होता. वजन घटविणे, मद्य व झोपेची औषधे टाळणे आणि कुशीवर झोपणे यांचाही उपयोग होतो.